दीड महिन्यात वऱ्हाडी बोलायला शिकायचंय आणि ते खोटं वाटता कामा नये, कसं करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा पुण्याचा, हौशी नाटकं करतो, यंदा त्याला अमरावती जिल्ह्यातल्या एका पंचेचाळिशीच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं काम मिळालंय. प्रयोगाला दीड महिना आहे. यूट्यूबवर बघून बघून त्याने मले-तुले, काहून (म्हणजे का), बे वगैरे पाठ केलंय, पण ग्रुपमध्ये अकोल्याची एक मुलगी आहे ती याचं वाक्य सुरू झालं की खाली मान घालून हसते, आणि विचारलं तर "काही नाही, छान चाललंय" म्हणते. काय चुकतंय?

मी या भानगडीत पंचवीसेक वर्षं आहे. मूळचा कराडचा, बँकेच्या नोकरीत बदली होऊन अकोल्यात नऊ वर्षं काढली, तिथं नाटकात घुसलो, आणि पुण्यात परत आल्यावर "तुम्हाला वऱ्हाडी येतं ना, आमच्या पोरांना शिकवा" म्हणून लोक बोलवायला लागले, त्यातनंच मग मालिकावाले, डबिंगवाले असं वाढत गेलं. मालवणी किंवा अहिराणी मी शिकवत नाही, मला ती कानाला कळते पण तोंडात बसलेली नाही, आणि जे तोंडात नाही ते दुसऱ्याला शिकवू नये. वऱ्हाडीचं मात्र सांगू शकतो.

तर पहिली गोष्ट, ती मुलगी हसते ना, तिला चहा पाज आणि धरून ठेव. ती छान म्हणते कारण तिला तुझं मन मोडायचं नाहीये. तिला नेमकं काय विचारायचं ते पुढं सांगतो.

आधी माझी फजिती ऐक. अकोल्यात जाऊन दोनच वर्षं झाली होती आणि मला वाटायला लागलं होतं की आपल्याला जमलं आता. एका स्पर्धेच्या नाटकात जावयाचं काम होतं, गंभीर सीन, सासऱ्याने न विचारता वावर विकलंय आणि जावई जाब विचारायला आलाय. वाक्य होतं "काहून विकलं वावर?" एवढंच. मी माझ्या अकलेने त्यात भर घातली, आवाज चढवला आणि म्हणालो, "काहून विकलं बे वावर?" अख्खं थिएटर फुटलं. म्हणजे हसून हसून, सीनचा पार बाजार उठला, समोरचा सासरासुद्धा ओठ चावत उभा. विंगेत आल्यावर पडदा ओढणारे एक म्हातारे गृहस्थ होते ते शांतपणे म्हणाले, "बोलनं चांगलं हाये तुमचं, पन सासऱ्याले कोनी बे म्हनते काय बाप्पा?"

बघ, त्या वाक्यात माझा एकही उच्चार चुकला नव्हता. चुकलं ते हे की मी बोली शिकलो होतो पण ती कोण कुणाशी बोलतं हे शिकलोच नव्हतो. बे हा बरोबरीच्या किंवा लहान पुरुषाला, दोस्तीत नाहीतर भांडणात. गावाकडच्या जरा वडीलधाऱ्या ओळखीच्या माणसाला "काय गा, कवा आले?" असा गा येतो. बाईमाणसाला वं, "काय वं माय". ही तीन टिंबाएवढी अक्षरं आहेत पण ऐकणाऱ्याला त्यावरून दोन माणसांचं नातं कळतं, आणि पुण्यामुंबईचे लेखक स्क्रिप्टात बे असा शिंपडतात जसं काय कोथिंबीर आहे. तुझ्या स्क्रिप्टातले सगळे बे आधी पेन्सिलने गोल कर आणि प्रत्येकाला विचार, हा मी कुणाला म्हणतोय? माझा अंदाज, निम्मे उडतील. ती मुलगी बहुतेक तिथंच हसत असणार.

आता मुद्द्याचं. वऱ्हाडी ॲक्सेंट असं काही शिकायला जाऊ नकोस. तशी सरसकट वऱ्हाडी कुणीच बोलत नाही. बोलतो तो एक माणूस, अमुक गावचा, अमुक वयाचा, इतकं शिकलेला, तंबाखू खाणारा किंवा न खाणारा, मुलगी पुण्यात आयटीत असलेला. तू यूट्यूबवरून दहा जणांचं थोडंथोडं उचललंस, एक बुलढाण्याचा, एक नागपूरचा, एक कॉमेडी करणारा जो स्वतःच आपल्या बोलीची अतिशयोक्ती करून विकतोय, आणि त्या सगळ्यांची गोळाबेरीज तुझ्या तोंडात आलीय. असा माणूस जगात नाही. म्हणून ती हसते. शब्द चुकले म्हणून माणूस एवढा हसत नाही रे.

त्यामुळं एक माणूस शोध. एकच. माझा माणूस म्हणजे अकोल्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर काका, दर्यापूर तालुक्यातले. मी त्या फजितीनंतर जवळजवळ वर्षभर संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायचो, त्यांना वाटायचं याला करमत नाही. आज मी वऱ्हाडी बोलतो म्हणजे त्या काकांचं बोलणं बोलतो, त्यांचा दम कुठं तुटायचा, वाक्याच्या शेवटी ते हनुवटी कशी वर करायचे, सगळं. तुला वर्ष नाहीये, पण त्या मुलीचे वडील, काका, मामा कोणीतरी असेलच ना अमरावतीकडं. फोन लावून दे म्हणावं. पंचेचाळीस ते पंचावन्नमधला, शेती करणारा, शक्यतो गावातच राहिलेला. रेकॉर्ड करायची परवानगी आधीच माग, नाटकासाठी पाहिजे म्हणून सांग, लोक आनंदाने देतात, उलट कौतुक वाटतं त्यांना.

पण इथं एक गोची आहे. त्यांना "जरा वऱ्हाडीत बोलून दाखवा" असं म्हणालास की संपलं. एकतर ते टीव्हीवरची वऱ्हाडी करून दाखवतील नाहीतर पुण्याचा पोरगा फोनवर आहे म्हणून एकदम शाळेतलं मराठी सुरू. हे सगळीकडंच होतं. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम लबोव नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने तीन मोठ्या दुकानांत जाऊन तिथल्या नोकरांना अशी वस्तू कुठं आहे विचारलं की जिचं उत्तर "फोर्थ फ्लोअर" असंच यावं, मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना लोकांचा र जास्त स्पष्ट यायचा, कारण तो उच्चार तिथं वरच्या लोकांचा समजला जायला लागला होता. म्हणजे माणसाला नुसतं "काय म्हणालात?" विचारलं तरी तो आपली बोली टाकून सूट घालतो. म्हणून वाचायला काही द्यायचं नाही, पुन्हा म्हणा म्हणायचं नाही. गोष्ट सांगायला लावायची. लबोव लोकांना विचारायचा, कधी जीव जाता जाता वाचलायत का? मी विचारतो पोळ्याला बैल उधळला होता का कधी, विहिरीत कोणी पडलं होतं का, पहिल्यांदा ट्रॅक्टर चालवला तेव्हा काय झालं. पहिली पाच मिनिटं फुकट जातात, मग माणूस गोष्टीत शिरतो आणि खरं बोलणं सुटायला लागतं. तो तुकडा तुझा. दोन मिनिटांचा असला तरी पुरे, त्याच्यावर आठवडाभर काम होतं.

मधेच एक गोष्ट, हे करायच्या आधी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर. पुण्याच्या मुलांना वाटतं आपल्याला ॲक्सेंटच नाही, ॲक्सेंट बाकीच्यांना असतो. मी कराडचा, माझ्या तोंडात "कराय लागलोय", "इकडं-तिकडं" होतं त्यामुळं मला निदान माहीत होतं की मी काहीतरी घेऊन आलोय. तुला ते दिसतच नाही. आज जेवायला काय होतं ते दोन मिनिटं मोबाईलवर सांग आणि ऐक. "आलास, गेलास, करतोयस" मधला स मोज. "ना" किती वेळा येतो मोज. वाक्याच्या शेवटी आवाज कसा बारीक होत खाली जातो बघ. वऱ्हाडी माणसाच्या तोंडून यातलं जे येत नाही ते आधी काढायचंय, घालायचं नंतर. माझ्याकडं येणारी दहातली आठ मुलं घालण्याच्याच मागं असतात, म्हणून त्यांची वऱ्हाडी पुणेरीवर चढवलेल्या रंगासारखी दिसते, खालचा रंग डोकावतोच.

आता त्या दोन मिनिटांच्या तुकड्याचं काय करायचं. शब्द विसर. तोंड बंद ठेवून नुसतं गुणगुण, हंहंहं करत, त्याचा आवाज जिथं वर जातो तिथं वर, थांबतो तिथं थांब. वेडेपणा वाटेल, घरचे विचारतील काय झालं, पण सूर आधी बसला की शब्द त्यावर बसतात, उलटं कधीच होत नाही. माझे काका महत्त्वाच्या शब्दाला ओढायचे, "असाऽ माराचा पानी" असं, आणि मग बाकीचं वाक्य पटकन खाली टाकून द्यायचे. हे त्यांचं, तुझ्या माणसाचं वेगळं असेल. कान चालत नसेल तर प्राट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेलं, त्यात रेकॉर्डिंग टाकलं की आवाजाच्या चढउताराची रेघ दिसते, आपली आणि त्याची रेघ शेजारी ठेवून बघता येते. मी क्वचित वापरतो, पण ज्यांना डोळ्याने लवकर कळतं त्यांना फार उपयोग होतो. तीनचार दिवस गुणगुणल्यावर मग त्याच्यामागं सावलीसारखं बोलायचं, तो बोलतोय आणि तू अर्ध्या सेकंदाने मागं, अर्थाचा विचार न करता. थांबवून थांबवून नाही, सलग. पडशील, उठशील, चालू ठेव.

मग तोंड. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, काकांकडं बघून बघून लक्षात आलं. वऱ्हाडीत दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, ळचा य होतो आणि णचा न होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, पोळा म्हणजे पोया, पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. लोक हे दोन वेगळे नियम म्हणून पाठ करतात. पण विचार कर, ळ आणि ण म्हणताना जीभ काय करते? टोक वर उचलून मागं वळतं, टाळूकडं. दोन्ही गेले म्हणजे ती वळण्याची सवय सैल झाली. ट आणि ड तिथंच राहतात, ते गेले नाहीत, पण बाकी वेळ जीभ खाली पसरून बसलेली, जबडा जरा मोकळा. तू एकदा जीभ अशी खाली टाकून, ओठ न आवळता पाच मिनिटं काहीही बोलत बस, मग "सकायी शायेत गेल्तो" म्हणून बघ, आपोआप येतं. नियम आठवून आठवून य घालत बसलास तर प्रत्येक यच्या आधी पाव सेकंद अडखळशील, आणि ऐकणाऱ्याला तोच पाव सेकंद खोटा वाटतो, उच्चार कितीही बरोबर असला तरी.

आणि नियम आठवून बोलणाऱ्याची दुसरी चूक म्हणजे तो लचाही य करून टाकतो. एक मुलगा माझ्याकडं "मुयगा" म्हणायचा. अरे लला कोणी हात लावलेला नाही. फूल हे फूलच, फळ तेवढं फय. काल म्हणजे कालच, काळा मात्र काया. पुण्यात बसून हे शिकायचं तर आधी आपल्या मराठीतले ल-ळ पक्के वेगळे ऐकू आले पाहिजेत, आणि हल्ली शहरातल्या काही मुलांचं तिथंच कच्चं असतं, ते वेगळं दुखणं. व पण जातो बरं का, इ-ईच्या आधी. वीस म्हणजे ईस, विस्तव म्हणजे इस्तो, विहीर म्हणजे इहीर. हे स्क्रिप्टात कधीच लिहिलेलं नसतं, कारण लेखकाला माहीत नसतं, आणि एखादा "ईस" सहज येऊन गेला ना की प्रेक्षागृहातला अकोल्याचा माणूस खुर्चीत सावरून बसतो.

जरा पूर्वेकडं गेलं, भंडारा-गोंदियाच्या झाडीबोलीकडं, की ळचा र ऐकू येतो, डोळ्याचा डोरा. नागपुरात हिंदीचा ताल जास्त. म्हणून म्हटलं यूट्यूबवरची भेळ नको.

व्याकरणात तुला खरं वाचवणाऱ्या गोष्टी या आहेत, आणि या शब्दांपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या. एक, तो तुझा पुणेरी स. "कुठी चालला तू?", "कवा आला तू?" स नाही. पुण्याचा नट घाईत आला की "कवा आलास तू" म्हणतोच म्हणतो, रागाच्या सीनमध्ये तर हमखास. दोन, पुढं होणाऱ्या गोष्टीत शेवटच्या लचा न होतो, "पाऊस येईन", "होईन ना सगळं बरोबर", "असन" म्हणजे असेल. पुणेकराला हे "मी येईन" सारखं वाटतं म्हणून तो घाबरून दुरुस्त करून टाकतो. दुरुस्त करू नकोस. तीन, तो येते, तो म्हनते, पुरुषालाही ते लागतं. चार, "करून रायलो", कुठं "करू रायलो", हे तुला माहीतच असेल पण ते सारखं घालू नये, जे आत्ता चालू आहे त्यालाच. पाच, उद्यासाठी सांगताना येजो, सांगजो. "उद्या येजो मंग" यात जी माया आहे ती "उद्या ये मग" मध्ये नाही, तुझ्या शेतकऱ्याला पोराशी बोलायला एखादं तरी वाक्य असेल, तिथं बसव. मले-तुले सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवू नको.

लिहिलेलं बघायला आवडत असेल तर ग्रिअर्सनच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड आहे, १९०५ चा, सगळा मराठीवर. त्यात उधळ्या मुलाची एकच गोष्ट वेगवेगळ्या ठिकाणच्या बोलीत छापलीय, त्यामुळं पुण्याकडची आणि वऱ्हाडातली वाक्यं शेजारी ठेवून ताडून बघता येतात. इंटरनेटवर सापडतो. ऐकायला हवं असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यांच्या वेबसाइटवर खऱ्या गावातल्या खऱ्या माणसांचं बोलणं आहे, नटांचं नाही. आणि गाडगेबाबा. बाबा शेंडगावचे, अमरावती जिल्ह्यातले, आयुष्यभर महाराष्ट्र फिरले पण बोलणं घरचंच राहिलं. नोव्हेंबर १९५६ मध्ये, म्हणजे जायच्या महिनाभर आधी, वांद्र्याच्या पोलीस स्टेशनात त्यांनी कीर्तन केलं त्याचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. लोकांना प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचं, त्यातला प्रश्नाचा सूर ऐक, कसा वर जाऊन लटकतो. पण नक्कल नको करू, ते ऐंशी वर्षांच्या माणसाचं कीर्तनातलं बोलणं आहे, तुझा शेतकरी व्हॉट्सॲप वापरतो.

यावरून आठवलं, डोस. हे मला सगळ्यात जास्त भांडून सांगावं लागतं, विशेषतः मालिकावाल्यांना. प्रत्येक ळचा य करायचा नसतो. गावातला बारावी झालेला माणूस बँकेत आला की माझ्याशी "साहेब, कर्ज कधी मिळणार" असं ळ-ण सांभाळून बोलायचा, आणि दारात मित्र भेटला की त्याच क्षणी "काय बे, अठी (इथं) कसा?" तोच माणूस, दहा पावलांत. तुझ्या नाटकात तहसीलदाराचा किंवा कर्जवाल्याचा सीन असेल तर तिथं बोली पातळ कर, घरात घट्ट, दारू प्यायल्यावर अजून घट्ट. असं केलंस की लोकांना तुझा शेतकरी हुशार वाटतो, नाहीतर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात गावंढळ वाटतो. आणि वऱ्हाडी म्हणजे विनोदी हे ज्याने कोणी डोक्यात भरवलंय त्याला माझा नमस्कार, मराठीतलं एवढं जुनं गद्य जिथं लिहिलं गेलं ते रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे आणि मराठी भाषेचं विद्यापीठही आता तिथंच काढलंय. जाऊ दे, विषय वाढेल.

स्क्रिप्ट तू स्वतः बदलू नकोस. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्याला दे, म्हणावं हे तुम्ही कसं म्हणाल ते बोलून दाखवा, लिहून नको. लिहिताना परत सूट चढतो अंगावर. ते बोलतील ते रेकॉर्ड कर आणि पाठ करताना कागदावरून करू नको, कानावरून कर. माझा अनुभव असा की कागदावर पाठ केलेलं वाक्य कितीही घासलं तरी त्यात शाळा येते.

तालीम सोडून बाहेर काय करशील तर रोज अर्धा तास नाटकात नसलेलं बोल. तुझ्या माणसाच्या आवाजात भाजी घे, शंभरपर्यंत मोज, रिक्षावाल्याशी हुज्जत घालू नको खरोखर पण मनातल्या मनात घाल, फोनवर आईला सांग उशीर होईल म्हणून. मोजणं आणि भांडणं या दोन जागा सगळ्यात अवघड, माणूस आकडे आपल्या लहानपणच्या आवाजात मोजतो आणि चिडला की जुनं बोलणं उसळून वर येतं. मी मुलांना जिना चढ-उतर करायला लावतो आणि धापा टाकताना वाक्य म्हणायला सांगतो. दम लागल्यावर जे टिकलं ते स्टेजवर टिकणार, बाकी सगळं पहिल्या टाळीबरोबर उडून जातं. तिसऱ्या आठवड्यात तुला वाटेल की आधी बरं येत होतं, आता बिघडलं. तसं होतं, कारण कान सुधारला आणि तोंड अजून मागं आहे. तेव्हा सोडू नकोस.

जमलं तर एकदा जाऊन ये. मुंबई-अमरावती एक्सप्रेसच्या जनरलच्या डब्यात बस, अकोल्यापर्यंतसुद्धा पुरे, आणि स्टँडवर जाऊन दर्यापूर किंवा अकोटच्या गाडीत चढ. कानात हेडफोन घालून ऐकणं वेगळं आणि आजूबाजूला चाळीस माणसं त्याच सुरात बोलत असताना गप्प बसून राहणं वेगळं. आणि तिथं वऱ्हाडी बोलायला जाऊ नकोस, आपलं साधं बोल. अर्धवट बोलीत बोललास तर लोकांना वाटतं चिडवतोय, आणि त्यांचं चुकत नाही.

इंग्लिशचंही लोक विचारतात म्हणून दोन ओळी, ज्यांना अमेरिकन वगैरे करायचंय त्यांच्यासाठी. पद्धत हीच, एक माणूस, सूर आधी. फक्त आपल्या लोकांची गोम वेगळी असते. कॉल सेंटरं आली तेव्हा सगळे रच्या मागं लागले, वॉटरचं वॉडर करा, जीभ गोल करा, आणि बोलणं तसंच मराठी चालीचं, प्रत्येक अक्षराला सारखं वजन. इंग्लिशमध्ये एका अक्षरावर भार पडतो आणि बाकीची अक्षरं चिरडली जातात. फोटोग्राफ म्हणताना भार पहिल्या फोवर, फोटोग्राफर म्हणताना तो पुढच्या "टॉ" या अक्षरावर सरकतो आणि फोचा नुसता फ उरतो. हे चिरडणं आलं की रचं निम्मं काम आपोआप होतं. शिवाय आपला ट जीभ मागं वळवून निघतो, त्यांचा दातांच्या मागच्या हिरडीवर आणि सुरुवातीला असेल तर वर फुंकर, टेबल म्हणताना तळहात तोंडासमोर धरला तर हवा लागली पाहिजे. आपल्याकडं एक फायदा आहे, चार आणि चारा मधले दोन वेगळे च आपण न शिकता वेगळे ऐकतो, बारीक फरक ऐकायची सवय कानाला असतेच, फक्त ती वापरायची हे कोणी सांगत नाही.

आता त्या मुलीला काय विचारायचं ते. "कसं वाटतंय?" हे कधीच विचारायचं नाही, त्याचं उत्तर छान असंच येतं. तुझ्या बोलण्याचा एक मिनिटाचा तुकडा रेकॉर्ड कर, नाटकातला नको, काहीतरी गोष्ट सांगतानाचा, आणि तिला म्हण की हे तुझ्या घरी ऐकव, मी आहे हे न सांगता, आणि फक्त एवढंच विचार की हा माणूस कुठला असेल. "हा कोणीतरी नक्कल करतोय" असं आलं तर अजून गोळाबेरीज चालू आहे, मागं जाऊन परत गुणगुणायला लाग. "नागपूरकडचा असन" आलं तर चुकलं असलं तरी मस्त, निदान तू कुठलातरी झालास. फजितीनंतर चार वर्षांनी मी दुसऱ्या एका नाटकात म्हातारा ड्रायव्हर केला, काकांनाच डोळ्यासमोर धरून, प्रयोगानंतर मूर्तिजापूरचे एक गृहस्थ भेटायला आले, काम कसं झालं त्यावर एक शब्द नाही, सरळ विचारलं, "तुमी दर्यापूरकडले काय?" मी कराडचा आहे म्हटल्यावर त्यांना ते पटेचना, माझं आडनाव विचारून घेतलं, तरी पटेना.

तुझ्या दीड महिन्यात गावापर्यंत पोचणार नाहीस, जिल्ह्यापर्यंत पोचशील. ती मुलगी अजून हसली तर नेमक्या कुठल्या वाक्याला हसते ते लिहून कळव.